फेंगशुईनुसार घरातली झाडं: आधी उजेड, मग दिशा, मग नाव

फेंगशुईत झाडाला मान मिळतो तो त्याच्या वाढीमुळे. घरातून वाहणाऱ्या जीवनशक्तीला ‘ची’ म्हणतात. नवी पालवी फुटणारं झाड ही शक्ती खेळती ठेवतं आणि सुकत चाललेलं झाड ती अडवून धरतं, असं ही चिनी परंपरा मानते. म्हणजे अंधाऱ्या आग्नेय कोपऱ्यात पिवळं पडलेलं ‘लकी’ रोप फेंगशुईच्या हिशेबानेही तोट्याचंच, आणि खिडकीपाशी तरारलेलं साधं रबर प्लांट फायद्याचं. म्हणून आधी उजेड बघा, मग दिशा ठरवा, झाडाचं नाव सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम उलटा लागतो आणि दोन-तीन महिन्यांत रोप माना टाकतं.

दिशा मोजणं

घराचा नकाशा आलेखाच्या कागदावर प्रमाणात काढा. उघडी बाल्कनी धरू नका. घर चौकोनी असेल तर समोरासमोरचे कोपरे रेघांनी जोडा. रेघा छेदतात तो मध्य. घर इंग्रजी ‘एल’सारखं असेल तर नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि टाचणीच्या टोकावर तोला. जिथे तो आडवा स्थिर राहतो तो मध्य.

आता होकायंत्र घेऊन घराच्या मध्याशी उभं राहा. फ्रिज, लोखंडी कपाट, स्पीकर यांपासून किमान एक मीटर दूर. फोनमधलं होकायंत्र वापरत असाल तर चुंबक असलेलं कव्हर आधी काढा आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून घ्या. फेंगशुईत चुंबकीय उत्तर धरतात, त्यामुळे सेटिंगमध्ये ‘खरी उत्तर’ (ट्रू नॉर्थ) निवडलेली असेल तर ती बंद करा. आसपासच्या तीन जागी मोजा. आकड्यांत १० अंशांपेक्षा जास्त फरक येत असेल तर जवळ कुठेतरी लोखंड आहे, अगदी भिंतीतल्या सळयाही असू शकतात. जागा बदलून पुन्हा मोजा.

प्रत्येक दिशेला ४५ अंश मिळतात. पूर्व ६७.५ ते ११२.५, आग्नेय ११२.५ ते १५७.५, दक्षिण १५७.५ ते २०२.५, आणि असंच पुढे. कोनमापकाने नकाशावर आठ फाका पाडल्या की कुठली खोली कुठल्या दिशेत येते ते डोळ्यांसमोर येतं.

दुसरी एक पद्धत होकायंत्र वापरतच नाही. मुख्य दारातून आत तोंड करून उभं राहायचं आणि घराचे नऊ समान चौकोन कल्पायचे. सर्वांत आतला डावा चौकोन संपत्तीचा, आतला उजवा नातेसंबंधांचा, डावीकडचा मधला कुटुंबाचा. दोन्ही पद्धती रूढ आहेत. मात्र एक निवडा आणि तीच धरून चाला. एका खोलीला एक आणि दुसरीला दुसरी लावली तर संपत्तीचे दोन कोपरे होतात आणि सगळी मांडणीच फसते.

कुठे झाड शोभतं, कुठे नाही

फेंगशुईत पाच तत्त्वं आहेत: काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल. झाड म्हणजे काष्ठ. पाणी काष्ठाला पोसतं, काष्ठ अग्नीला पोसतं. काष्ठ पृथ्वीला भेदतं आणि धातू काष्ठाला कापतो. एवढे चार संबंध लक्षात राहिले तर पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पूर्व आणि आग्नेय या काष्ठाच्या स्वतःच्या दिशा. त्यातही फरक आहे. पूर्वेचं काष्ठ ‘यांग’, म्हणजे ताठ खोडाचं. तिथे रबर प्लांट, पाकिरा (‘मनी ट्री’), ड्रॅसिना अशी उभी वाढणारी झाडं ठेवा. आग्नेयेचं काष्ठ ‘यिन’, म्हणजे मऊ, वळणारं. तिथे मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन असे वेल किंवा गोलसर पानांचं जेड. दक्षिण अग्नीची, म्हणून तिथेही झाडं चालतात. लाल फुलांचं अँथुरियम तर खास तिथलं. उत्तर पाण्याची आहे आणि झाड पाणी ओढून घेतं, तेव्हा तिथे एखाददुसरं लहान झाड पुरे.

नैऋत्य, ईशान्य आणि घराचा मध्य हे पृथ्वीचे भाग. इथे उंच झाडांची गर्दी टाळा. झाड हवंच असेल तर बुटकं, पसरट आणि मातीच्या कुंडीतलं घ्या. पश्चिम आणि वायव्य धातूच्या दिशा. तिथे पांढऱ्या फुलांची पीस लिली पांढऱ्या गोल कुंडीत ठेवली की मेळ बसतो, कारण पांढरा रंग आणि गोल आकार दोन्ही धातूचे मानतात.

कुंडीही तत्त्वाचा भाग असते, हे सहसा विसरलं जातं. माती आणि चिनीमाती पृथ्वीची, काचेचं पाणी भरलेलं भांडं जलाचं, उंच सरळ हिरवी कुंडी काष्ठाची, लाल कुंडी अग्नीची. लकी बांबूची पारंपरिक मांडणी नीट पाहिली तर पाचही तत्त्वं एका भांड्यात दिसतात: कांड्या काष्ठ, त्यांना बांधलेली लाल फीत अग्नी, तळाचे गोटे पृथ्वी, फितीला अडकवलेलं नाणं धातू आणि भांड्यातलं पाणी. फीत मात्र सैल बांधा. कांड्या जाड होत जातात. घट्ट तार किंवा फीत सालीत रुतते आणि तिथूनच कूज लागते.

उजेडाची परीक्षा

ठरवलेल्या जागी भर दुपारी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर ३० सेंटीमीटर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट असतील तर उजेड भरपूर, कडा पुसट पण हात ओळखू येत असेल तर मध्यम, सावली जेमतेम जाणवत असेल तर कमी. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, ते अंधाराला सरावतात. खिडकीपासून दोन मीटर आत गेलं की उजेड आपल्याला वाटतो त्याहून कितीतरी घटलेला असतो.

भरपूर उजेडात जेड, पाकिरा, रबर प्लांट. मध्यम उजेडात मनी प्लांट, पीस लिली, लकी बांबू, अरेका पाम. कमी उजेडात स्नेक प्लांट आणि झीझी प्लांट तग धरतात. तग धरतात म्हणजे वाढतातच असं नाही, आणि फेंगशुईला तर वाढ हवी. यावर उपाय म्हणजे एकाच जातीची दोन रोपं घ्या, एक खिडकीत आणि एक कोपऱ्यात ठेवा आणि दर दोन आठवड्यांनी अदलाबदल करा. ते जमणार नसेल तर पानांपासून साधारण ३० सेंटीमीटरवर झाडांसाठीचा एलईडी दिवा रोज १० ते १२ तास लावा. हेही शक्य नसेल तर तो कोपरा मोकळा आणि स्वच्छ ठेवा. मोकळ्या कोपऱ्याला फेंगशुईत दोष नाही.

झाडाची खरी कामगिरी

दिशांपेक्षाही झाडाचा उपयोग अवघड जागा मवाळ करण्यासाठी जास्त होतो, आणि हा भाग आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. भिंतीचा किंवा खांबाचा बाहेर आलेला टोकदार कोपरा तुमच्या बसण्याच्या किंवा झोपण्याच्या जागेवर रोखलेला असेल तर तिथून ‘शा ची’, म्हणजे बोचरी शक्ती येते असं मानतात. त्या कोपऱ्यापुढे रुंद पानांचं झाड ठेवा. बसल्यावर डोळे येतात त्या उंचीपर्यंत धार झाकली गेली पाहिजे, म्हणजे कुंडीसकट सव्वा ते दीड मीटर. पानं भिंतीला घासू देऊ नका. घासलेली कडा तपकिरी होते आणि मागे धूळ साचते.

लांब सरळ बोळात शक्ती धावत सुटते असं म्हणतात. तिथे झाडं समोरासमोर न ठेवता डावी-उजवी आलटून पालटून ठेवा, पण चालायला ९० सेंटीमीटर वाट मोकळी राहू द्या. मुख्य दार आणि खिडकी एका रेषेत असतील तर मधल्या वाटेच्या कडेला एक भरगच्च झाड ठेवल्याने प्रवाह मंदावतो.

मुख्य दारापाशी दोन्ही बाजूंना सारख्या उंचीची झाडं उत्तम, मात्र दार पूर्ण उघडलं पाहिजे. आत येताना फांदी खांद्याला लागत असेल तर ती जागा चुकली. निवडुंग आणि काटेरी झाडं दाराशी, पलंगाजवळ किंवा बैठकीत नकोत. त्यांची जागा बाल्कनीत किंवा खिडकीबाहेर, जिथे काटे राखण करतात. स्नेक प्लांटची पानं तलवारीसारखी असल्याने काही जाणकार त्यालाही बैठकीच्या जागेपासून दूर ठेवायला सांगतात.

स्वयंपाकघरात शेगडी आणि सिंक शेजारी आले की अग्नी आणि जल भिडतात. दोघांच्या मध्ये काष्ठ आणलं की साखळी जुळते: पाणी झाडाला पोसतं, झाड अग्नीला. मध्ये एखादी छोटी कुंडी पुरते, पण तिला धग लागता कामा नये. जागा अपुरी असेल तर खरं झाड न ठेवता हिरव्या रंगाची वस्तू ठेवा. न्हाणीघरात पाणी सतत वाहून जातं आणि झाड ते धरून ठेवतं म्हणून तिथे झाड चांगलं मानतात. खिडकी नसेल तर मात्र नाद सोडा.

शयनगृहाबाबत जाणकारांत एकमत नाही. काष्ठ ही वाढीची, जागती शक्ती, म्हणून अनेक जण तिथे झाडं नकोच म्हणतात. ठेवायचंच तर मऊ पानांचं एकच लहान झाड, उशापासून दूर. झाड रात्री हवा बिघडवतं ही भीती मात्र निराधार आहे. एका कुंडीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड माणसाच्या श्वासापुढे नगण्य असतो. तसंच हवा शुद्ध होण्याची अपेक्षाही धरू नका. १९८९चा नासाचा प्रसिद्ध प्रयोग बंद पेट्यांमधला होता. अशा प्रयोगांचा २०१९ साली फेरआढावा घेतला गेला, तेव्हा साध्या वायुवीजनाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं गणित निघालं.

काय बिघडतं आणि का

सर्वाधिक झाडं जास्त पाण्याने मरतात. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि मग ओल्या मातीतही पानं लोंबतात. त्यावर आणखी पाणी घातलं जातं. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी द्या, तेही तळातून निथळेपर्यंत, आणि बशीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. जेड, स्नेक आणि झीझीला माती पूर्ण सुकल्यावरच पाणी. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी, थंडीत महिन्याने. जेडच्या मातीत निम्मी भरड वाळू किंवा पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे) मिसळा.

लकी बांबू हा बांबू नव्हे, मध्य आफ्रिकेतला ड्रॅसिना आहे. मुळं बुडतील इतकंच, तीन ते पाच सेंटीमीटर पाणी ठेवा आणि आठवड्याने बदला. पानांचे शेंडे करपले तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा फ्लोराइड बाधतंय. क्लोरीन पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने उडतं, फ्लोराइड उडत नाही, तेव्हा पावसाचं किंवा गाळणयंत्राचं (आरओ) पाणी वापरा. थेट ऊन लागू देऊ नका. कांडी खालून पिवळी आणि मऊ पडली तर ती वाचत नाही. त्याच दिवशी काढा, गोटे आणि भांडं धुवा, नाहीतर शेजारची कांडीही जाते. कांड्या दोन, तीन, पाच, आठ असतात. चार ठेवत नाहीत, कारण चिनी भाषेत त्या आकड्याचा उच्चार मृत्यूशी जुळतो. म्हणून पाचमधली एक गेली तर चार न ठेवता तीनच ठेवा, आणि तीनमधली गेली तर दोन ठेवा, रिकामी जागा ठेवू नका.

मनी प्लांटचे वेल लांबत गेले आणि पानं विरळ झाली तर उजेड कमी पडतोय. वेल पेराच्या जरा खाली छाटा आणि तेच तुकडे पाण्यात रुजवून त्याच कुंडीत लावा. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. लोंबणारा वेल वर चढवणं आग्नेयेत जास्त शुभ मानतात आणि वनस्पतीलाही ते मानवतं, आधाराला चढलेल्या वेलाची पानं मोठी होतात.

पानांवरची धूळ दर दोन आठवड्यांनी ओल्या मऊ फडक्याने पुसा. पुसताना पानांच्या मागे आणि बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टिपा आणि आठवड्याने पुन्हा तपासा. पिवळं पान दिसलं की लगेच काढा. मेलेलं झाड कुंडीत उभं ठेवणं ही फेंगशुईतली मोठी चूक आहे. झाड, जुनी माती सगळं काढून कुंडी धुतल्याशिवाय त्यात नवं रोप लावू नका. सुकवलेली फुलं आणि पानंही याच कारणाने टाळतात. कापडी झाडं चालतात, मात्र ती धुळकट झाली की तोच दोष लागतो.

नवं झाड आणलं की दोन आठवडे बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, कीड असेल तर तेवढ्यात दिसते. आणि घरात रांगणारं मूल किंवा मांजर-कुत्रा असेल तर मनी प्लांट, पीस लिली आणि डायफेनबाखिया हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा: त्यांच्या पानांतले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक तोंडाची आग करतात. जेड मांजर-कुत्र्यांना विषारी आहे. सायकस, म्हणजे सागो पाम, कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकतो. प्राणी असलेल्या घरात तो कुठल्याच दिशेला नको.