इ.स. ४७६ म्हणजे नेमकं कुठलं साल? आकडे कसे काढायचे

शके काढायला ७८ वजा करायचे एवढं आपल्याला माहीत असतं, पण त्या काळातला परदेशी लेख समोर आला की एवढ्यावर भागत नाही. म्हणून आधी नुसतं साल नाही, पूर्ण तारीख पकडा आणि मग विचारा की तिथलं नवीन वर्ष कधी लागतं. गडबड सगळी तिथेच होते.

आपण ४ सप्टेंबर ४७६ घेऊ, त्या दिवशी इटलीत ओडोएसर या सेनानायकाने पश्चिम रोमचा शेवटचा सम्राट रोम्युलस ऑगस्टुलसला गादीवरून उतरवलं. त्या दिवशी तिथे कोणी "४७६" म्हणत नव्हतं बरं का, इसवी सन मोजायची पद्धत डायोनिसियस नावाच्या ख्रिस्ती साधूने ५२५ च्या सुमारास काढली. रोमन लोक वर्षाला त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांची (वर्षभरासाठी नेमलेले मोठे अधिकारी) नावं द्यायचे, हे वर्ष बॅसिलिस्कस आणि आर्माटस यांचं. यात गणित चालत नाही, यादीच बघावी लागते (वैताग आहे).

इंडिक्शन म्हणजे १५ वर्षांचं करचक्र. ४७६ मध्ये ३ मिळवा, १५ ने भागा, बाकी १४. पण पूर्वेकडच्या रोमन राज्यात हे वर्ष १ सप्टेंबरला बदलतं आणि आपली तारीख ४ आहे, म्हणून १५. नुसतं "इंडिक्शन १५" वाचून मात्र कितवं चक्र ते कधीच कळत नाही.

इजिप्तमध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राज्यापासून वर्षं मोजायचे, सुरुवात २९ ऑगस्ट २८४. ऑगस्ट संपलाय म्हणून १९३, आठवडाभर आधीची तारीख असती तर १९२. सीरियात सेल्युसिड सन (तिथल्या जुन्या ग्रीक राजघराण्याचा), तिथे ३११ मिळवा, ७८७, आणि ऑक्टोबर लागला की ७८८.

आता आपल्याकडे या. शके ३९८. सारनाथच्या बुद्धमूर्तीवर गुप्त राजा बुधगुप्ताचं नाव आणि गुप्त संवत १५७ आहे, त्यात ३१९ मिळवले की ४७६. आर्यभट तर स्वतःच सांगतो की कलियुगाची ३६०० वर्षं झाली तेव्हा मी २३ वर्षांचा होतो. कलीतून ३१०१ वजा करा, ४९९ येतं, त्यातून २३ काढा, जन्म ४७६, म्हणजे रोम्युलस घरी गेला त्याच वर्षी. कोकण-गुजरातकडचे त्रैकूटक राजे मात्र तिसराच सन वापरायचे, ज्याला पुढे कलचुरी-चेदी नाव पडलं. त्याची सुरुवात २४८-४९ ची, म्हणून २२७ किंवा २२८ धरा, एक आकडा ठोकून देऊ नका.