भरतीच्या वेळापत्रकावर आखलेले प्रशिक्षण: घारापुरीत प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञानाचा एक दिवस

बेटावरच्या आणि खाडीकाठच्या शाळांतील शिक्षकांना परिसर अभ्यास कसा शिकवावा, याचे प्रशिक्षण बहुधा तालुक्याच्या सभागृहात, पंख्याखाली बसवून दिले जाते. ज्या परिसराविषयी बोलायचे तो मात्र खिडकीतूनही दिसत नसतो. पुढील मांडणी घारापुरी बेट डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही तीन गावे, चिखलाचे किनारे, कांदळवन आणि बेसॉल्टचा डोंगर एवढे साहित्य तेथे फुकट उपलब्ध आहे. प्रशिक्षण देणाऱ्या साधनव्यक्तीने किंवा केंद्रप्रमुखाने आपल्या किनाऱ्यानुसार त्यात बदल करून घ्यावेत.

सर्वप्रथम दिवस निवडावा, आणि तो कार्यालयाच्या सोयीने न निवडता पंचांग पाहून निवडावा. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर जुन्या लोकांचा हिशेब असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. षष्ठीच्या दिवशी दुपारी साडेचारला भरती असेल, तर त्याआधी सुमारे सव्वासहा तास, म्हणजे सव्वादहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी येईल. त्यामुळे सकाळी उघडा चिखल पाहता येतो आणि दुपारभर चढणारे पाणी मोजता येते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला चिखल जास्त उघडा पडतो हे खरे, परंतु तेव्हाची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी असल्याने ती प्रशिक्षणाच्या कामाची नाही. सोमवारी लेणी बंद असतात व बेट शांत असते, मात्र त्या दिवशी होडीची सोय आधीच करून ठेवावी लागते.

वीस ते पंचवीस शिक्षकांचे पाच-पाच जणांचे गट करावेत. प्रत्येकाने जुने कॅनव्हासचे बूट आणावेत, कारण खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा पाय कापतात आणि चपला चिखलातच राहतात. वहीच्या पानावर उभी रेघ मारून डावीकडे ‘काय पाहिले’ आणि उजवीकडे ‘काय वाटते’ असे दोन रकाने करावेत. पहिला अर्धा तास उजवा रकाना कोराच ठेवण्यास सांगावे. हे सांगणे सोपे असले तरी पाळून घेणे अवघड असते, कारण आपल्याला, म्हणजे शिक्षकांना, पाहण्याआधीच स्पष्टीकरण देण्याची सवय जडलेली असते.

कांदळवनात, म्हणजे खारफुटीच्या झाडीत, प्रथम तिवराच्या झाडाजवळ थांबावे. प्रत्येक गटाने सुतळीने एक मीटर बाजूचा चौरस आखून त्यातील वर आलेली श्वसनमुळे मोजावीत, मग पाण्यापासून थोडे दूर जाऊन तेच पुन्हा करावे. आकडे जुळले नाहीत तर दुरुस्त करू नयेत, ते का जुळले नाहीत हीच चर्चा घ्यावी. त्यानंतर तिवराच्या पानाला जिभेचे टोक लावून पाहावे. पानांवरील ग्रंथी मीठ बाहेर टाकतात, त्यामुळे कोरड्या दिवशी ते खारट लागते आणि उन्हात बारीक कणही चमकताना दिसतात. जवळपास कांदळाचे झाड असल्यास त्याचेही पान पाहावे: त्यावर असे कण नसतात, कारण ते झाड बरेचसे मीठ मुळांपाशीच अडवते. एकाच खाऱ्या पाण्यावर दोन झाडांनी काढलेले हे दोन वेगळे तोडगे शिक्षकाला जिभेने कळले की ते तो वर्गात कधीच नुसते वाचून दाखवणार नाही. पाने खाली पडलेलीच घ्यावीत. कांदळवन संरक्षित आहे आणि हा नियमही धड्याचाच भाग आहे.

निवटी, म्हणजे चिखलात बीळ करून राहणारा छोटा मासा, पाहण्यासाठी पाच मिनिटे गप्प बसावे लागते. माणसांची चाहूल थांबली की ती बिळातून वर येते, कल्ल्यांजवळच्या पंखांवर पुढे सरकते आणि मध्येच कुशीवर लोळून अंग ओले करून घेते. मासा असून ती पाण्याबाहेर जगते कशी, असे शिक्षक विचारतील. उत्तर देऊ नये. ती लोळते का आणि किती वेळाने लोळते, हे मोजायला सांगावे. ओल्या त्वचेतून तिला हवेतला प्राणवायू घेता येतो, इथपर्यंत ते बहुधा आपणच पोहोचतात.

दुपारचे काम जेटीवर करावे. जेटीच्या पायऱ्या हीच मोजपट्टी समजावी: एका पायरीची उंची सेंटिमीटरमध्ये मोजावी आणि दर अर्ध्या तासाने किती पायऱ्या बुडाल्या याची नोंद करून खडूने जमिनीवर स्तंभालेख काढावा. सुरुवातीला पाणी संथ चढते, मधल्या दोन तासांत झपाट्याने चढते आणि शेवटी पुन्हा मंदावते. भरती एकसारख्या वेगाने येते असे गृहीत धरलेल्या शिक्षकांना आपल्याच आलेखाचा उतार पाहून थांबावे लागते.

याच वेळी पाऊणपटीचा हिशेब पुन्हा काढावा, आणि माझ्या मते सबंध दिवसातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते. दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एरवी रोज पाऊण तासाने पुढे जाणारी भरती या एका दिवशी एकदम दीड तास उडी मारेल काय? समुद्र अशी उडी मारत नाही, म्हणजे चूक हिशेबात आहे. शिक्षकांना पाऊणऐवजी चार पंचमांश घेऊन पाहू द्यावे: पौर्णिमेला बरोबर बारा आणि प्रतिपदेला बारा अठ्ठेचाळीस येतात, आणि उडी नाहीशी होते. एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे नेमक्या दोन घटिका. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा उगवतो, या गोष्टीशी हा आकडा जोडून द्यावा. कोळ्यांचा नियम चुकीचा ठरवणे हा येथे हेतू नाही. तोंडी हिशेबाला सोपा म्हणून पाऊण धरला गेला असावा आणि होडी काढण्यापुरता तो पुरेसा आहे, हे गावातील एखाद्या जाणत्या नाखव्याला बोलावून त्याच्याच तोंडून ऐकावे.

परत निघण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाकडून पाठटाचण लिहून घेऊ नये. त्याऐवजी, आपल्या शाळेपासून पाच मिनिटांच्या अंतरावर मोजता येईल अशी एक गोष्ट आणि तिच्याविषयीचा एक प्रश्न लिहून घ्यावा. पुढच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत मुलांनी घेतलेल्या नोंदी, न जुळलेल्या आकड्यांसकट, जशाच्या तशा मांडायला सांगाव्यात. डोंगरापलीकडच्या शाळेतील शिक्षकाला किनारा नसेल. त्याने विहिरीच्या पाण्याची पातळी मोजावी, दोर आणि दगड पुरतो.