पुण्यात इलेक्ट्रिक गाडी घरी चार्ज करताना वीजदरांची तुलना कशी करावी

पुण्यात घरगुती ग्राहकाला वीज कंपनी निवडता येत नाही. मुंबईच्या उपनगरांत दोन कंपन्यांपैकी एक निवडण्याची सोय आहे, पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र महावितरण एवढीच कंपनी आहे. त्यामुळे येथे तुलना करायची ती कंपन्यांची नव्हे, तर एकाच कंपनीच्या दरपत्रकातील तीन वाटांची: गाडी घरच्या मीटरवर चार्ज करावी, गाडीसाठी वेगळा मीटर घ्यावा, की सोसायटीच्या सामायिक मीटरवरून वीज घ्यावी. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दर आदेशानुसार स्वतःच्या जागेतील जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज केली, तर त्या जागेला जो दर लागू आहे तोच गाडीलाही लागतो. म्हणजे घरच्या मीटरवर गाडी लावणे पूर्णपणे नियमात आहे आणि त्यासाठी व्यावसायिक दर लागेल ही भीती निराधार आहे.

ओळखीच्या अनेक कुटुंबांना मी हा हिशेब करून दिला आहे. प्रत्येक ठिकाणी एक सल्ला आधीच येऊन पोहोचलेला असतो: “गाडी रात्री लावा, रात्रीची वीज स्वस्त असते.” पुण्यातील घरगुती ग्राहकासाठी हा सल्ला चुकीचा आहे. ब्रिटनसारख्या देशांत रात्रीचे स्वस्त दर घरगुती ग्राहकांनाही मिळतात आणि आपल्याकडे रात्री १० ते सकाळी ६ ही सवलत पूर्वी कारखान्यांना मिळत असे, तेथून तो पसरला असावा. आपल्या घरगुती दरात रात्रीसाठी सवलत नाही. सवलत आहे ती दिवसाची, आणि तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

गाडीला महिन्याला किती युनिट लागतील

गाडीच्या पडद्यावर दिसणारा ‘एका युनिटला इतके किलोमीटर’ हा आकडा बॅटरीतून निघालेल्या विजेचा असतो, तर मीटर भिंतीतून गेलेली वीज मोजतो. चार्जिंगमध्ये साधारण १० ते १५ टक्के वीज वाया जाते, म्हणून पडद्यावर ७ किलोमीटर दिसत असतील तर हिशेबात ६ धरावेत. महिन्याला १,२०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला या हिशेबाने २०० युनिट लागतात. पुढची सर्व उदाहरणे याच गाडीची आहेत.

गाडीचा खरा दर शोधणे

सारी गफलत होते ती येथे, आणि मलाही सुरुवातीला सर्वांत जास्त वेळ याच पायरीने घेतला. बहुतेक जण बिलाची एकूण रक्कम एकूण युनिटांनी भागतात, येणाऱ्या सरासरी दराने गाडीची युनिटे गुणतात आणि समाधान मानतात. या पद्धतीने निघालेला आकडा नेहमी कमी असतो, तोही थोडाथोडका नव्हे.

घरगुती दर स्लॅबमध्ये विभागलेला असतो: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. प्रत्येक स्लॅबमधील युनिटांना त्या त्या स्लॅबचा दर लागतो आणि वापर वाढेल तसा पुढचा दर चढत जातो. घरातले दिवे, फ्रिज, पाण्याची मोटर यांचा वापर गाडी येण्याच्या आधीपासून आहे, गाडीचा वापर त्यावर चढणार आहे. म्हणून स्वस्त युनिटे घराच्या खात्यावर आणि वरची महाग युनिटे गाडीच्या खात्यावर, अशीच मांडणी केली पाहिजे. पहिली शंभर युनिटे गाडीची धरली तर काय बिघडते, असा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. मीटरला अर्थातच कोणते युनिट कशासाठी गेले ते कळत नाही. परंतु आपण निर्णय गाडीविषयी घेत आहोत, फ्रिजविषयी नव्हे. गाडीमुळे बिल किती वाढेल, हाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वरच्या स्लॅबमध्येच सापडते.

बिल हातात घेऊन प्रत्येक स्लॅबच्या वीज आकाराच्या दरात वहन आकाराचा, म्हणजे वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा, दर मिळवावा, कारण वहन आकारही प्रत्येक युनिटवर लागतो. बिलावर इंधन समायोजन आकार (विजेचा खर्च बदलला की लागणारा आकार) असेल तर तोही मिळवावा. स्थिर आकार मात्र या बेरजेत घेऊ नये, कारण गाडी असो वा नसो, तो द्यावाच लागतो. शेवटी या सर्वांवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क लागते. ते विसरले तर सगळी तुलना लंगडी पडते.

उदाहरणापुरते गोल आकडे घेऊ, आपल्या बिलावरचे दर वाचकांनी त्यांच्या जागी घालावेत. समजा, वहन आकारासह चार स्लॅबचे दर अनुक्रमे ६, ११, १४ आणि १६ रुपये आहेत आणि घरचा वापर गाडीविना १८० युनिट आहे. घराचा वीज आकार १,४८० रुपये झाला, म्हणजे सरासरी ८ रुपये २२ पैसे. आता गाडीची २०० युनिटे चढवा. त्यांपैकी १२० युनिटे ३०० च्या मर्यादेपर्यंत ११ रुपयांनी जातील आणि उरलेली ८० युनिटे १४ रुपयांनी. एकूण २,४४० रुपये झाले, शुल्कासह सुमारे २,८३० रुपये, म्हणजे युनिटला १४ रुपये १५ पैसे. जुन्या सरासरीने हिशेब केला असता तर शुल्कासह जेमतेम १,९०० रुपये आले असते. दरमहा नऊशे रुपयांची ही तफावत वेगळ्या मीटरचा निर्णय पार उलटवू शकते.

हा हिशेब एका महिन्यावर कधीही करू नये. बिलावर मागील महिन्यांच्या वापराचा आलेख छापलेला असतो. त्यातला फेब्रुवारी आणि मे शेजारी ठेवून पाहावेत. ज्या घरात फेब्रुवारीत १८० युनिटे जातात, त्याच घरात एसी सुरू झाल्यावर मे महिन्यात ३२० जाऊ शकतात. त्या महिन्यात गाडीची १८० युनिटे १४ रुपयांनी आणि २० युनिटे १६ रुपयांनी जातील, म्हणजे तीच गाडी तितकीच धावूनही शुल्काआधीच ४०० रुपयांनी महाग पडेल. म्हणून बारा महिन्यांचे बारा हिशेब करावेत आणि बेरीज करावी. रीडिंगच्या तारखा मागेपुढे झाल्या असतील तर वापर तीस दिवसांवर आणून घ्यावा. अर्ध्या तासाचे काम आहे, पण ते टाळून केलेली कोणतीही तुलना मी ग्राह्य धरत नाही.

दिवसाची सवलत

१ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारा मीटर) बसवलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत मिळू लागली. २०२५-२६ साठी ती युनिटला ८० पैसे ठेवण्यात आली. दुपारी सौरऊर्जा मुबलक असते, हे त्यामागचे कारण आहे.

सवलत चांगली आहे, पण तिच्यावर सारा बेत उभारू नये. हिंजवडीला किंवा मगरपट्ट्याला नोकरी करणाऱ्याची गाडी त्या वेळेत घरी नसतेच. शनिवार-रविवारी मिळून महिन्याला ६० युनिटे दिवसा भरली, तर शुल्कासह सुमारे ५६ रुपये वाचतात. स्लॅबचा फरक शेकड्यांत आणि वेळेचा फरक दहा-वीसच्या नोटांत मोजायचा असतो, हे प्रमाण लक्षात ठेवावे. जे घरून काम करतात किंवा ज्यांची दुसरी गाडी दिवसभर पार्किंगमध्येच असते, त्यांनी मात्र चार्जरचा टायमर सकाळी ९ वर लावून ठेवावा.

वेगळा मीटर

वीज (ग्राहकांचे हक्क) नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला आहे. ईव्ही (इलेक्ट्रिक वाहन) चार्जिंगच्या ग्राहक वर्गात स्लॅब नसतात, पहिल्या युनिटाला जो दर तोच शेवटच्या युनिटाला. त्याच्या मोबदल्यात मागणी आकार, म्हणजे केव्हीए या एककात मोजल्या जाणाऱ्या जोडणीच्या क्षमतेवरचा दरमहा आकार, द्यावा लागतो आणि तो गाडी महिनाभर जागची हलली नाही तरी चुकत नाही.

पुन्हा गोल आकडे घेऊ. ईव्ही वर्गाचा दर वहन आकारासह ९ रुपये आणि मागणी आकार केव्हीएला ७५ रुपये धरला, तर २०० युनिटांचे १,८०० रुपये होतात. ७.२ किलोवॅटच्या वॉल चार्जरसाठी ८ केव्हीए घेतले तर आणखी ६०० रुपये, म्हणजे २,४०० रुपये. १८० युनिटे जाळणाऱ्या घराला घरच्या मीटरवर शुल्काआधी २,४४० रुपये पडत होते. एवढ्या फरकासाठी जोडणीचा खर्च आणि दुसऱ्या बिलाचा व्याप करण्यात अर्थ नाही. मात्र तोच मीटर ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरसाठी ४ केव्हीएचा घेतला, तर मागणी आकार ३०० रुपये होऊन बेरीज २,१०० वर येते. घरचा वापर ५०० युनिटांच्या वर असेल, तर गाडीची सर्व युनिटे १६ रुपयांनी जाऊन ३,२०० रुपये होतात आणि तेथे वेगळा मीटर निःसंशय घ्यावा. उलट, ज्या घराचा वापर ८० युनिटे आहे, तेथे गाडीसह वाढणारा आकार २,१०० रुपयेच येतो, म्हणून त्या कुटुंबाने घरचाच मीटर ठेवावा. अंतिम तुलनेत ईव्ही वर्गाच्या बिलावर लागू असलेले शुल्कही धरावे.

मोठा चार्जर घ्यावा असे विक्रेता हमखास सांगतो. माझे मत स्पष्ट आहे: रोज चाळीस-पन्नास किलोमीटर धावणाऱ्या गाडीला ३.३ किलोवॅट पुरेसे आहेत, कारण तेवढी वीज अडीच-तीन तासांत भरली जाते. ७.२ किलोवॅटसाठी घराचा मंजूर भार (जोडणीवर मंजूर असलेली कमाल क्षमता) वाढवावा लागतो, कित्येकदा थ्री फेज घ्यावे लागते, आणि थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा बराच जास्त असतो. ही वाढ कायमची असते, म्हणून ती दरमहाच्या हिशेबात धरावी. मंजूर भाराचा आकडा बिलावरच छापलेला असतो.

सोसायटीचा मीटर

पुण्यातील बऱ्याच इमारतींत सर्व फ्लॅटचे मीटर तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये असतात. त्यामुळे स्वतःच्या मीटरवरून आपल्या पार्किंगपर्यंत केबल ओढणे हा बहुधा सर्वांत सोपा मार्ग असतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंगसह हे काम करून घ्यावे.

काही सोसायट्या तसे करू देत नाहीत. पार्किंगच्या खांबावर एक सबमीटर बसवतात, त्याखाली १६ अँपिअरचा सॉकेट देतात आणि सामायिक मीटरवरून वीज देऊन सभासदाकडून ठरावीक दर घेतात. तो दर किती असावा यावरून सभांमध्ये बराच वाद होतो आणि दोन्ही बाजू बहुधा चुकीच्या आकड्यावर भांडत असतात. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे ज्या मीटरवर चालतात, त्यालाही घरगुती स्लॅबच लागतात आणि मोठ्या इमारतीत तो वापर ५०० युनिटांच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. म्हणून त्यावर चढलेले गाडीचे प्रत्येक युनिट सर्वांत वरच्या स्लॅबमध्ये जाते. आपल्या उदाहरणात ते १६ रुपये अधिक शुल्क, म्हणजे १८ रुपये ५६ पैसे झाले. दहा रुपये घेणारी सोसायटी उरलेला भार गाडी नसलेल्या सभासदांवर टाकते, आणि एकोणीस रुपये घेणारी सोसायटी लुटत नसते.

यावर उपाय एकच आहे. पाच-सहा गाड्या झाल्या की सोसायटीने ईव्ही वर्गात स्वतंत्र जोडणी घ्यावी आणि प्रत्येकाला सबमीटर द्यावा. तेथे स्लॅबच नसल्यामुळे एकाच्या वापराचा बोजा दुसऱ्यावर पडत नाही आणि सगळ्या गाड्या एकाच वेळी चार्ज होत नसल्यामुळे मागणी आकारही वाटला जातो. दर कसा काढला, हे ठरावात लिहून ठेवावे आणि दर बदलले की तोही बदलेल असे त्यात नमूद करावे.

बाहेरच्या सार्वजनिक स्टेशनवरील दरात १८ टक्के जीएसटी असतो. घरी सोय असेल तर ती तुलना करण्याचीही गरज नाही.

निर्णय झाल्यावर

दरपत्रक साधारणपणे १ एप्रिलला बदलते, २०२५ मध्ये मात्र ते जुलैत बदलले. म्हणून बारा महिन्यांचा वरचा हिशेब जपून ठेवावा आणि नवे दर महावितरणच्या संकेतस्थळावरील दरपत्रकातून थेट घ्यावेत, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चित्रातून घेऊ नयेत.

वेगळा मीटर घेतला असेल तर पहिले बिल आल्या आल्या त्यावरचा ग्राहक वर्ग आणि मंजूर मागणी तपासावी. ईव्ही चार्जिंगऐवजी घरगुती किंवा व्यावसायिक वर्ग छापून आला असेल, तर पुढच्या बिलाची वाट न पाहता त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.