टँकरचं पाणी पूर्ण मिळतंय का, हे कसं मोजायचं

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वाडीवर (जत तालुका) टँकर सुरू झाला, कागदावर दिवसाला तीन खेपा आणि हौदात पडायच्या दोन, त्यातली दुसरी पण कधीकधी अर्धीच. म्हणायला सरकारी टँकर पण गाडी असते खाजगी ठेकेदाराची, बिल सरकार देतं म्हणजे आपल्याच पैशातनं जातं. बायका रोज ड्रायव्हरशी भांडायच्या, तो म्हणायचा मला जेवढं सांगितलंय तेवढं आणतो. भांडून काही झालं नाही, मोजायला लागलो तेव्हा हललं.

पहिलं म्हणजे आपला हक्क किती ते बघा. ग्रामीण भागात टँकरचा हिशोब माणशी दिवसाला 20 लिटर धरतात. 1500 माणसं असली तर 30 हजार लिटर, म्हणजे 10 हजारी टँकरच्या तीन भरलेल्या खेपा. पण लोकसंख्या कुठली धरलीय ते नक्की विचारा, कारण शेवटची जनगणना 2011 ची आहे आणि आमच्याकडं तर ऊसतोडीला गेलेली माणसं कारखाने बंद झाल्यावर परत येतात, नेमकी टँकर सुरू व्हायच्या वेळेला. म्हणून ग्रामपंचायतीच्या ठरावात आजची घरं, माणसं आणि जनावरं मोजून लिहा, वाड्यावस्त्यांची नावं वेगवेगळी टाका. नुसतं गावाचं नाव असलं की टँकर गावठाणात रिकामा होतो आणि वस्तीवरची बाई दोन किलोमीटर कळशी घेऊन चालते. ठराव पंचायत समितीत बीडीओकडं (गटविकास अधिकाऱ्याकडं) जातो, मग तहसील आणि पंचायत समितीची माणसं पाहणीला येतात, त्या दिवशी आटलेली विहीर आणि बंद पडलेला बोअर स्वतः सोबत जाऊन दाखवा.

आता मोजणं. चौकोनी हौद असेल तर आतनं लांबी रुंदी फुटात घ्या आणि एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर एवढं लक्षात ठेवा. आमचा हौद 12 बाय 10 फुटाचा, म्हणजे पाणी एक फूट चढलं की जवळपास 3400 लिटर. 10 हजाराचा टँकर पूर्ण ओतला तर पाणी तीन फुटाला थोडं कमी एवढं चढलं पाहिजे. आम्ही आतल्या भिंतीवर ऑइलपेंटने फुटाफुटाच्या रेघा मारल्या, आणि ओतायच्या आधी एक फोटो, नंतर एक फोटो. ओतत असताना हौदातनं कुणी घागर भरू नये, नाहीतर ठेकेदार तेच कारण सांगतो. टँकर विहिरीत सोडत असतील तर हा हिशोब बसत नाही, पाणी मुरतं, मग टँकरची टाकीच मोजा: आडवी रुंदी गुणिले उंची गुणिले लांबी गुणिले 0.785, सगळं फुटात, आणि आलेल्या आकड्याला 28.3 ने गुणा. गोल आणि लंबगोल दोन्ही टाक्यांना चालतं. वरचं झाकण उघडून काठी घालून भरलाय का बघायचं हे पण रोज करा.

2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, पहिल्या गाडीला 10 वाघिणी, 5 लाख लिटर, तो आकडा तेव्हा सगळ्यांच्या तोंडात होता. त्याच सांगली जिल्ह्यात जतला येणाऱ्या टँकरात किती लिटर आहे हे कुणाला माहीत नसतं, याचा मला खरंच संताप येतो.

खेपेची नोंद ड्रायव्हरच्या लॉगबुकात होते आणि त्यावर गावातल्यांच्या सह्या लागतात. कोऱ्या पानावर सही देऊ नका, उद्याच्या खेपेची आज तर अजिबात नाही. आमच्याकडं दोन बायकांनी वहीच ठेवली, तारीख, वेळ, गाडी नंबर, हौद किती फूट चढला.

तक्रार तोंडी करू नका. अर्ज बीडीओला, प्रत तहसीलदारांना, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातनं बाहेर पडू नका. टँकरला जीपीएस असणं बंधनकारक आहे, म्हणून माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून लॉगबुक, जीपीएस रिपोर्ट आणि ठेकेदाराच्या बिलाची प्रत, तिन्ही एकदम मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील. तीन कागद शेजारी ठेवले की कुठली खेप नुसती कागदावर झाली ते दिसतं.

आणि पाण्यात टीसीएल पावडर (जंतू मारायची ब्लीचिंग पावडर) टाकलीय का ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का बघायची चाचणी) करून दाखवायला सांगा, पिवळा रंग आला पाहिजे. नाही आला तर लहान पोरांना ते पाणी तसं देऊ नका, उकळा नाहीतर मेडीक्लोर (क्लोरीनचं औषध) घाला.

आमचा अर्ज वहीच्या झेरॉक्ससकट गेला, पाचव्या दिवशी तिसरी खेप आली आणि पूर्ण भरून आली. हौदातल्या रेघा पुसट झाल्या होत्या, यंदा मार्चमध्येच परत रंगवून घेतल्यात.