पालिकेच्या वादाची बातमी कशी तपासावी

जळगाव किंवा धुळे महापालिकेच्या सभेत गोंधळ झाला की दुसऱ्या दिवशी किमान दोन पेपर शेजारी ठेवा. आधी क्रियापदांखाली रेघ ओढा: 'सांगितले', 'दावा केला', 'कबूल केले'. एकाच वाक्याला तीन रंग चढतात ते इथेच. मग पाहा, ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू कितव्या परिच्छेदात आली. शेवटच्या ओळीत असेल, तर बहुतेकांनी ती वाचलेलीच नसते. नुसता 'सूत्रांनुसार' हाच आधार असेल तर बातमी पुढे पाठवू नका. 10 रुपये भरून माहिती अधिकारात सभेचे इतिवृत्त मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात सभेची तारीख हवीच, मोघम अर्जाला मोघमच उत्तर मिळते.

बातमी खोटी निघाली तर आधी संपादकांना लेखी पत्र द्या, पोच जपा. ही पायरी चुकली की प्रेस कौन्सिलकडची (वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था) तक्रार अडते. दैनिकासाठी मुदत छापल्यापासून 2 महिने.

खेळाच्या बातमीतही हीच काळजी घ्या. आयपीएलच्या वादात पंचांवर आरोप करण्याआधी 'अंपायर्स कॉल' समजून घ्या: पायचीतच्या रिव्ह्यूत चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागताना दिसला, तर मैदानावरचाच निर्णय कायम राहतो. मथळ्यात हे क्वचितच येते.