आयकर रिटर्न राहिलंय? आधी वर्षं वेगळी करा

‘टीडीएस (उत्पन्न हातात येण्याआधीच कापलेला कर) कापलाय, मग रिटर्न कशाला?’ हा समज मुंबईच्या पगारदारांत फार पक्का आहे. बँक एफडीच्या व्याजावर १० टक्के कापते. तुमचा स्लॅब ३० टक्क्यांचा असेल तर उरलेले तुमच्या अंगावर. उत्पन्न कमी असलं तरी वर्षाचं वीजबिल १ लाखाच्या वर गेलं किंवा परदेशप्रवासावर २ लाखांहून जास्त खर्च झाला, की रिटर्न बंधनकारकच.

आयकर पोर्टलवरून प्रत्येक वर्षाचं एआयएस (आयकर खात्याकडची तुमच्या उत्पन्नाची आणि व्यवहारांची यादी) आणि २६ एएस (तुमच्या नावावर जमा कराचा तक्ता) उतरवून घ्या. कागदावर वर्षागणिक उत्पन्न, कापलेला टीडीएस आणि शेवटी देणं की रिफंड, एवढं मांडा. पुढचा रस्ता त्यावरच ठरतो.

ज्या निर्धारण वर्षाचा (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) ३१ डिसेंबर उलटलेला नाही, ते आधी हातावेगळं करा. याला विलंबित रिटर्न म्हणतात. लेट फी ५,००० रुपये, उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००. थकलेल्या करावर महिन्याला १ टक्का व्याज, आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात. खरा फटका वेगळाच बसतो: उशिरा भरणाऱ्या पगारदाराला जुनी करप्रणाली निवडता येत नाही. म्हणजे घरभाड्याच्या पावत्या जपून ठेवल्यात, तरी एचआरएची सवलत गेली. शेअरमधला तोटाही पुढे ओढता येत नाही.

डिसेंबर गेला आणि कर देणं निघतंय? मग आयटीआर-यू, म्हणजे अद्ययावत रिटर्न. निर्धारण वर्ष संपल्यावर ४८ महिन्यांपर्यंत भरता येतं, पण दंडाचा काटा दरवर्षी चढतो: २५, ५०, ६०, ७० टक्के. निर्धारण वर्ष २०२४-२५ घ्या. ३१ मार्च २०२६ पर्यंत २५ टक्के, त्यानंतर ३१ मार्च २०२७ पर्यंत ५०. कर २०,००० आणि व्याज ४,००० झालं, तर २४,००० वर २५ टक्के म्हणजे ६,००० जादा. लेट फी वेगळी. एका वर्षासाठी हे एकदाच भरता येतं, तेव्हा एआयएसमधली प्रत्येक ओळ जुळवूनच पाठवा.

रिफंड निघत असेल तर आयटीआर-यू चालत नाही. कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, निर्धारण वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत. ‘वेळ मिळाला नाही’ हे कारण तिथे टिकत नाही. आजारपण असेल तर रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डासारखा कागद जोडा. चर्चगेटच्या आयकर भवनात थेट जाऊन धडकू नका. तुमची फाइल बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुल) कौटिल्य भवनातही असू शकते. पोर्टलवर पॅन टाकून आपला आयकर वॉर्ड, म्हणजे तुमची फाइल बघणारं कार्यालय, आधी बघा.

चलान भरताना सर्वाधिक चुकतं ते वर्ष. २०२३-२४ ची कमाई म्हणजे निर्धारण वर्ष २०२४-२५. प्रकार ‘सेल्फ असेसमेंट टॅक्स’, कोड ३००. चुकीच्या वर्षात पैसे गेले तर रिटर्नमध्ये कर भरलेला दिसत नाही आणि मागणीची नोटीस येते.

रिटर्न पाठवल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. त्यानंतर केलंत तर व्हेरिफाय केल्याची तारीखच भरल्याची तारीख धरली जाते, आणि ३१ मार्चच्या तोंडावर पाठवलेलं आयटीआर-यू अशाने पुढच्या टप्प्यात ढकललं जातं.