मीडियम फॉरमॅटची प्रिंट समोर ठेवली की आधी काय बोलायचं

‘मस्त आलाय’ असं पहिली पाच मिनिटं कुणी म्हणायचं नाही, हा आमच्या एकमेकांचे फोटो पाहायच्या बैठकीतला नियम. मीडियम फॉरमॅट म्हणजे ३५ मिमीपेक्षा मोठी फिल्म; तिच्या १२० च्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बाराच फोटो निघतात. त्यातल्या एकेका फोटोसाठी माणूस अंधारात उठून, ट्रायपॉड खांद्यावर टाकून पांदणीचा चिखल तुडवत गेलेला असतो. नुसतं ‘मस्त’ ऐकून त्याच्या हाती काय लागणार? पुढच्या वेळी त्याच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून काय वेगळं करायचं, हे त्याला कळलं पाहिजे.

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडे आम्ही असे मोजकेच आहोत. जिनिंगमध्ये कामाला असलेले एक भाऊ, निवृत्त झालेले चित्रकलेचे सर, कॉलेजात शिकणारी एक पोरगी आणि मी. जमतो ते बहुतेक वेळा माझ्याच ओसरीवर.

प्रिंट सगळ्यांनी एकाच मापाची आणावी. आम्ही दहा बाय दहा इंच धरलंय. सहा बाय सहाची निगेटिव्ह प्रत्यक्षात ५६ मिलीमीटरची असते, म्हणजे ती इथे साडेचार पटच मोठी होते. ३५ मिमीच्या फ्रेमपेक्षा तिचं क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त आहे. ढेकळांमधल्या भेगा, बाभळीचे काटे, तुरीच्या शेंगा हे सगळं या मापावर स्वच्छ वाचता येतं. एवढा जड कॅमेरा वागवायचा तो त्याचसाठी, म्हणून फोनवर बोटानं सरकवत पाहिलेल्या फोटोवर मत द्यायला मी तयार नसते. प्रिंट उत्तरेकडच्या खिडकीपाशी भिंतीला टेकवून ठेवा. थेट ऊन नको आणि पिवळा बल्बही नको.

प्रिंटसोबत निगेटिव्ह आणि कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून त्याच मापात छापलेलं पान, हवीच. आठ बाय दहाच्या कागदावर बाराही फ्रेम बसतात. शीट छापताना फिल्मची कोरी कड जेमतेम पूर्ण काळी होईल एवढाच उजेड द्या, जास्त नको. अशा शीटवर कुठली फ्रेम कमी एक्स्पोज झाली आणि कुठली जास्त, ते लपत नाही.

आता बोलण्याचा क्रम. ज्याचा फोटो, त्यानं गप्प बसायचं. बाकीच्यांनी आधी फक्त एवढंच सांगायचं, की नजर पहिल्यांदा कुठे गेली, तिथून कुठे वळली आणि कुठे अडली. ‘चांगलं-वाईट’ नंतर. फोटो काढणाऱ्याला वाटत असतं की बघणाऱ्याची नजर त्या लांबच्या टेकडीवर गेली असेल, आणि चौघांपैकी तिघं सांगतात की ती खालच्या कोपऱ्यातून हललीच नाही. हे त्याला दुसऱ्याच्या तोंडूनच कळू शकतं.

वेचणीच्या दिवसांतली भाऊंची एक प्रिंट घ्या. वर्धा नदीकडचं वावर, फुटलेला कापूस, मागे ढग. पोरगी म्हणाली, “माझी नजर उजवीकडच्या पांढऱ्या डागावर गेली आणि तिथेच राहिली.” तो डाग म्हणजे लेन्सच्या अगदी जवळचं, फ्रेमच्या कडेनं अर्धं कापलेलं एक बोंड. सरांनी प्रिंट जवळ ओढली. “भाऊ, माती कुठी हाय? हे तं नुसतं डांबर दिसून राह्यलं.”

इथे खरं काम सुरू होतं. प्रत्येक दोष कुठल्या टप्प्यावर आला, वावरात, फिल्म धुताना की प्रिंट करताना, ते ठरवल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आम्ही भाऊंची निगेटिव्ह खिडकीकडे धरली. मातीच्या जागी फिल्म जवळपास कोरी होती. जे निगेटिव्हमध्येच नाही, ते कागदावर कुठून येणार? कागदाची ग्रेड, म्हणजे कॉन्ट्रास्ट, बदलून उपयोग नव्हता. उजेड मोजायचा मीटर भाऊंनी कापसावर धरला होता. मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम राखाडी समजतो. पांढऱ्या कापसालाही त्यानं राखाडी केलं, आणि काळी माती पार बुडाली. आपल्या भागात काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हसाठी सरळ मातीवर मीटर धरा आणि त्यानं सांगितलं त्यापेक्षा दोन स्टॉप कमी, म्हणजे पाव हिस्सा उजेड द्या. माती काळीच राहील, पण तिचा पोत दिसेल. कापसाचा उजेड एचपी-५ सारखी काळी-पांढरी फिल्म सांभाळून घेते. व्हेल्व्हियासारख्या रंगीत स्लाइड फिल्मला मात्र हा हिशोब लावू नका, तिथे आधी पांढरं वाचवावं लागतं.

निगेटिव्हमध्ये मातीचा पोत असता, तर तोच दोष प्रिंटचा ठरला असता. मग सल्ला वेगळा: मऊ ग्रेडवर छापा, नाहीतर छापताना मातीवर थोडा वेळ हाताची सावली धरा.

फिल्म धुतानाच्या खुणाही ओळखायला शिका. चंद्रकोरीसारखे डाग दिसले तर रीळवर चढवताना फिल्म मुडपली आहे, १२० च्या रुंद फिल्मला हे फार होतं. कडेनं आत धुरकट पट्टा आला असेल तर एक्स्पोज झालेला रोल सैल गुंडाळला गेला आणि कडेतून उजेड शिरला. तो कॅमेऱ्यातून काढताना सावलीत काढायचा आणि लगेच घट्ट करून कागदी पट्टी चिकटवायची. आणि ढग खडूसारखे पांढरेफट्ट दिसले तर मी आधी विचारते, पाणी किती डिग्री होतं? तक्त्यातल्या वेळा बहुधा २० डिग्रीच्या असतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे टाकीचं पाणी हाताला चटका देतं. त्या पाण्यात तेवढाच वेळ धुतलं तर निगेटिव्ह जाड, म्हणजे फार गडद, होणारच. माठातलं पाणी घ्या, भोवती बर्फाचं टोपलं ठेवा आणि थर्मामीटर बघूनच सुरुवात करा.

काही सल्ले ऐकायला छान आणि इथे बिनकामाचे असतात. उन्हाळ्यातल्या धुळकट पांढऱ्या आभाळासाठी ‘लाल फिल्टर लाव’ हा त्यातलाच. लाल फिल्टर निळं गडद करतो, निळंच नसेल तर तो गडद काय करणार? त्यापेक्षा आभाळ कमी घ्या, किंवा मृगाचे ढग येईपर्यंत थांबा. ‘कॅमेरा बदल’ हेही आमच्याकडे कुणी म्हणत नाही. याशिकामॅट असो की हॅसलब्लाड, कमरेशी धरून वरून काचेत पाहिलं की पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, अर्धी फ्रेम खाते. त्याला उपाय उंचीचा आहे. बंडीवर चढा, नाहीतर कॅमेरा उलटा करून डोक्यावर धरा आणि खालून काचेत पाहा. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे क्षितिज कलतं, आणि आपल्या सपाट मुलखात एवढासा कललेला धुराही डोळ्याला खुपतो. भाऊंच्या प्रिंटमध्ये तो कलला नव्हता. हे आम्ही मुद्दाम बोलून दाखवलं, कारण जे जमलंय तेही नेमकेपणानं सांगायला हवं.

चौकटीबद्दल वाद घालण्यापेक्षा जाड पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे प्रिंटवर सरकवून बघा. लग्नपत्रिकेचा जुना पुठ्ठा चालतो. भाऊंचं ते कापलेलं बोंड आम्ही असंच झाकलं आणि नजर कापसाच्या तासांवरून, म्हणजे ओळींवरून, चालत थेट ढगांपर्यंत पोचली. प्रिंट उलटी धरूनही पाहा. मग झाड झाड दिसत नाही, उजेड-काळोखाचं वजन तेवढं दिसतं.

शेवटी फोटो काढणाऱ्यानं बोलायचं. त्याला काय दाखवायचं होतं, कुठला सल्ला पटला, कुठला नाही. सगळं पटलंच पाहिजे असं नाही. सरांना भाऊंचे ढग जड वाटले, भाऊंना ते तसेच हवे होते, आणि मला भाऊंचं बरोबर वाटलं.

उठण्याआधी प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीनं जागा, फिल्म, एक्स्पोजर आणि पटलेला एकच बदल लिहून ठेवा. पुढच्या बैठकीला नवी प्रिंट जुनीच्या शेजारी लावता येते. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उठतो.